पाच लिहायचे चार प्रकार: मुसफ्फ्यातल्या मुलांना रोमन अंक शिकवताना

मुसफ्फ्यात राहणाऱ्या मराठी मुलाला ‘पाच’ हा आकडा चार वेगवेगळ्या रूपांत भेटतो. गणिताच्या वहीत इंग्रजी पाच. मराठी गोष्टीच्या पुस्तकात पानाच्या तळाशी देवनागरी ५. पन्नास फिल्सच्या नाण्यावर अरबी पाच, जो आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्याच्या शेजारी शून्य म्हणून नुसता एक ठिपका असतो. आणि पाचवीच्या वर्गाच्या दारावर, प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर, वहीच्या लेबलवर इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर.

पहिले तीन पाच मूल बघत बघत शिकतं. चौथा मात्र शिकवावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो नियमांची यादी देऊन शिकवला जातो: हे अक्षर तीनदाच लिहायचं, ते एकदाच लिहायचं, हे त्याच्या डावीकडे चालतं, ते चालत नाही. मूल यादी पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि पुढच्या महिन्यात विसरतं. पॉडकास्टच्या या भागात आपण अंकांच्या प्रवासाबद्दल बोललो. इथं त्याची घरगुती बाजू बघू: भाच्याला, पुतणीला, शेजारच्या मुलाला किंवा स्वतःच्या लेकीला रोमन अंक शिकवायचे असतील तर सुरुवात कुठून करायची? मराठी बोलणाऱ्या घराला इथं एक मोठा फायदा आहे, तो कोणता तेही बघू.

एक सूचना आधीच. रोमन चिन्हं आपण बोलताना जशी उच्चारतो तशीच इथं लिहिली आहेत. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. कागद-पेन घेऊन बसा आणि वाचता वाचता काढत जा.

एकच आकार, दोन किमती

युएईतल्या खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी भाषा सक्तीची आहे. म्हणजे मुसफ्फा-शाबियातली मुलं अरबी अंक लहानपणीच शिकतात. अरबी सात दिसायला कसा असतो? हुबेहूब इंग्रजी ‘व्ही’सारखा. तोच उलटा केला की अरबी आठ. आणि अरबी एक ही नुसती उभी रेघ, म्हणजे रोमन ‘आय’सारखीच.

आता मुलाच्या बाजूनं विचार करा. उभी रेघ अरबीतही एक, रोमनमध्येही एक. छान. मग टोकावर उभा असलेला त्रिकोणी आकार अरबीत सात आहे, तर रोमनमध्ये पाच कसा? एखाद्या मुलानं व्ही-आय-आय बघून ‘नऊ’ असं उत्तर दिलं, तर ते मूल वेंधळं नाही. त्यानं सात अधिक एक अधिक एक अशी बेरीज नीट केली आहे, फक्त चुकीच्या पद्धतीतली किंमत घेऊन.

म्हणून पहिल्या दिवशी नियम सांगू नका. चार उभे रकाने आखा: इंग्रजी, देवनागरी, अरबी, रोमन. एक ते दहा मुलाकडूनच लिहून घ्या. खिशातली नाणी काढा. पंचवीस फिल्सवर हरीण, पन्नासवर तेलविहिरींचे मनोरे, एक दिरहॅमवर दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची किटली. तिन्हीवरचे आकडे आणि सालं वाचायला लावा. कोणता आकार कोणत्या रकान्यात कितीचा, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

दुसरा गोंधळ दिशेचा. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचतात, पण त्याच ओळीतला पंचवीस हा आकडा आपल्यासारखाच लिहिलेला असतो, वीस डावीकडे आणि पाच उजवीकडे. रोमनमध्ये तर दिशा उलटली की किंमतच बदलते: व्ही-आय म्हणजे सहा, आय-व्ही म्हणजे चार. रोमन आकडा नेहमी डावीकडून वाचायचा, हे गृहीत न धरता तोंडानं सांगा.

आधी काड्या, मग नियम

आइस्क्रीमच्या काड्या घ्या. एक काडी म्हणजे आय, दोन काड्या टोकाशी जोडल्या की व्ही, एकमेकींवर आडव्या ठेवल्या की एक्स. मुलाला सांगा, फक्त बेरीज वापरून एक ते वीस मांड. चारसाठी ते चार काड्या ठेवेल. नऊसाठी व्ही आणि पुढे चार काड्या. ठेवू द्या. यात काही चूक नाही. रोमन लोकही बरेचदा असंच लिहीत. रोमच्या कोलोसियमच्या दारांवर आकडे कोरलेले आहेत, त्यात ५४ नंबरच्या दारावर एल आणि पुढे चार उभ्या रेघा आहेत. कितीतरी घड्याळांच्या तबकड्यांवर आजही चारच्या जागी चार रेघाच असतात.

मग मुलाला एक प्रश्न विचारा: तीन रेघा आणि चार रेघा एका नजरेत ओळखता येतात का? वहीवर तीन रेघा, चार रेघा, पाच रेघा भराभर दाखवून बघा. तीनपर्यंत माणूस न मोजता ओळखतो, चारला अडखळायला लागतो, त्यापुढे मोजावंच लागतं. तीनपेक्षा जास्त वेळा एकच चिन्ह नको, हा नियम मग वरून लादलेला वाटत नाही. ‘पाचाला एक कमी’ असं लिहिण्याची सोय का काढली असेल, हे मूलच सांगतं.

अबॅकसच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना तर हे आणखी लवकर पटेल. त्यांच्या जपानी अबॅकसवर प्रत्येक दांडीला वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार मणी असतात. रोमन लोकांच्या हातात मावणाऱ्या अबॅकसचीही रचना अशीच होती. वरचा मणी व्ही, खालचे मणी आय. रोमन माणूस हिशोब मण्यांवर किंवा खड्यांनी करायचा आणि उत्तर तेवढं अक्षरांत नोंदवायचा. रोमन अंक हे गणित करण्यासाठी नव्हते, लिहून ठेवण्यासाठी होते. हे माहीत नसलं की मुलाला प्रश्न पडतो, “यांनी गुणाकार कसा केला असेल?” आणि त्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही.

पावणेपाच आणि एकोणीस

आता मराठीचा फायदा. मोठ्या आकड्याच्या आधी छोटा आला की वजा करायचं, ही कल्पना मुलांना सगळ्यांत अवघड जाते. एक्स-आय म्हणजे अकरा आणि आय-एक्स म्हणजे नऊ, हे का? पण मराठी माणूस दिवसातून दहा वेळा अशीच वजाबाकी करतो. पावणेपाच वाजले म्हणजे पाचाला पाव कमी. सव्वापाच म्हणजे पाचावर पाव जास्त. घड्याळात बघून पावणेपाच म्हणणारं मूल ‘पुढच्या आकड्यातून थोडं कमी’ हा विचार आधीच शिकलेलं असतं.

‘पाऊण’ या शब्दातच ही वजाबाकी आहे: पाव ऊन, म्हणजे पाव कमी. आणि हाच ‘ऊन’ आपल्या अंकांच्या नावांत बसलाय. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. परदेशात वाढलेल्या मुलांना नेमके हेच शब्द नडतात. आजी फोनवर ‘एकोणऐंशी’ म्हणाली की नातू गप्प होतो, कारण त्याला ऐकू येतं ऐंशी आणि लिहायचे असतात सत्तर आणि नऊ. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की हा शब्द पाठ करायचा नाही, सोडवायचा आहे.

गंमत अशी की रोमन लोकांची लॅटिन भाषाही असंच बोलायची. एकोणिसाला लॅटिनमध्ये ‘उन्-दे-विगिन्ती’ म्हणत, शब्दशः ‘एक विसातून’. अठराला ‘दुओ-दे-विगिन्ती’, दोन विसातून. आपण अठराला तसं म्हणत नाही, पण विचार एकच. मुलाला हे सांगितलं की दोन गोष्टी एकदम सुटतात. आय-एक्सचं नऊ का, हे कळतं आणि एकोणऐंशी म्हणजे किती, हेही कळतं. रोमन अंकांचा धडा हा घरात मराठी आकड्यांची उजळणी करायची आयती संधी आहे. आणि मुलाच्या नजरेस एखादी गोष्ट आणून द्या, किंवा त्यालाच शोधू द्या: नव्व्याण्णव मात्र ‘एकोणशंभर’ नाही! तिथं आपण नऊ आणि नव्वद अशी बेरीज करतो.

दोन्हींत एक फरक आहे, तो मात्र स्पष्ट करा. एकोणीस बोलताना आपण पूर्ण विसातून एक काढतो. आजचा रोमन एकोणीस मात्र एक्स-आय-एक्स असा लिहितात: आधी दहा, मग ‘दहाला एक कमी’. वजाबाकी फक्त एककाच्या घरात होते.

आणखी एक जागा जपायची. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी म्हणतो, वीस नंतर. अरबीतही तसंच आहे, ‘वाहिद व इशरून’, एक आणि वीस. बोलताना एक आधी येतो म्हणून मुलानं एकवीस आय-एक्स-एक्स असा लिहिला तर नवल नाही. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम वेगळा असण्याचा हा प्रश्न महाराष्ट्रातही गाजला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं, तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं असं होतं की त्यामुळे जोडाक्षरांचं ओझं कमी होतं आणि मुलं आकडे उलटे लिहीत नाहीत. तुम्हाला ते पटो न पटो, अडचण खरी आहे, आणि तीन भाषांत मोजणाऱ्या मुलाला ती जास्तच जाणवते.

घरागणिक लिहायचं

वाचायला एकच नियम पुरतो: डावीकडून चला, चिन्ह पुढच्यापेक्षा मोठं किंवा सारखं असेल तर मिळवा, लहान असेल तर वजा करा. लिहायला मात्र पाच-सहा नियम पाठ करायची गरज नाही. एकच साचा पुरतो.

प्रत्येक घराला तीन अक्षरं द्या: लहान, मधलं आणि मोठं. एककाच्या घरात आय, व्ही, एक्स. दशकाच्या घरात एक्स, एल, सी. शतकाच्या घरात सी, डी, एम. आता एक ते नऊचा साचा सगळीकडे सारखाच: लहान; लहान-लहान; लहान-लहान-लहान; लहान-मधलं; मधलं; मधलं-लहान; मधलं-लहान-लहान; मधलं-लहान-लहान-लहान; लहान-मोठं. एककातला चार आय-व्ही, दशकातला चार (चाळीस) एक्स-एल, शतकातला चार (चारशे) सी-डी. नऊ, नव्वद, नऊशे हे आय-एक्स, एक्स-सी, सी-एम.

मग कोणताही आकडा घरं फोडून लिहायचा. ४९ म्हणजे चाळीस आणि नऊ: एक्स-एल, आय-एक्स. बरीच मुलं ४९ साठी आय-एल लिहितात आणि ९९ साठी आय-सी, कारण पन्नासाला एक कमी, शंभराला एक कमी. विचार हुशारीचा आहे, पण साचा घरागणिक चालतो. ९९ म्हणजे नव्वद आणि नऊ: एक्स-सी, आय-एक्स. अगदी आपल्या नव्व्याण्णवसारखंच. हजाराच्या घरात एम तेवढं आहे, पाच हजाराचं साधं अक्षर नाही, म्हणून या पद्धतीनं ३९९९ पर्यंतच जाता येतं. त्यापुढे अक्षरावर आडवी रेघ मारून हजारपट दाखवतात.

‘चूक’ हा शब्द मात्र जपून वापरा. हे नियम आज शाळांनी आणि छापखान्यांनी ठरवलेले आहेत. रोमन लोक स्वतः इतके काटेकोर नव्हते. इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या लढाईत मारल्या गेलेल्या मार्कस कायलियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचा स्मृतिदगड आज बॉन शहरात आहे. त्याच्या अठराव्या सैन्यतुकडीचा आकडा त्यावर एक्स-आय-आय-एक्स असा कोरलाय, म्हणजे दहा आणि ‘दहाला दोन कमी’. आजच्या परीक्षेत त्याला शून्य गुण मिळतील. मुलाला सांगा: ‘परीक्षेत असं लिहायचं नाही, कारण सगळ्यांनी एकच पद्धत धरली की वाचणाऱ्याला सोपं जातं.’ असं कारण सांगितलं की मूल नियम पाळतं. ‘असंच असतं’ म्हटलं की कंटाळतं.

शून्य नाही म्हणजे काय नाही?

खरा धडा इथं आहे. मुलाला तीन आकडे रोमनमध्ये लिहायला सांगा: २५, २०५, २५०. उत्तरं येतील एक्स-एक्स-व्ही, सी-सी-व्ही, सी-सी-एल. आपल्या पद्धतीत तिन्हींत दोन आणि पाच हेच अंक आहेत, फरक फक्त जागेचा आणि शून्याचा. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःची किंमत घेऊन फिरतं, म्हणून रिकामी जागा दाखवायची वेळच येत नाही. शून्याचं चिन्ह त्यांना लागलंच नाही.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ३८ लिहायला सात अक्षरं लागतात, ४० ला दोन, ८८ ला आठ आणि १०० ला एक. आकड्याच्या लांबीवरून तो लहान की मोठा हे कळत नाही. आणि २६ गुणिले १४ हे एकाखाली एक मांडून करून बघा. होत नाही. एकक-दशकाच्या उभ्या रांगाच नाहीत. हे गणित मुलाला पाच मिनिटं करू द्या, अडू द्या. ‘हातचा’ म्हणजे काय आणि तो का चालतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवेल.

हा मागासलेपणा फक्त रोमचा, असं मात्र सांगू नका. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनकालीन लेख आहे. राणी नागनिकेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञात दिलेल्या गायी, हत्ती, नाणी यांचे आकडे ब्राह्मी चिन्हांत कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी ती आहेत. आणि त्यांतही शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. फक्त चारशे लिहायला शंभराचं चिन्ह चारदा न काढता त्यालाच चाराचं चिन्ह जोडत. म्हणजे रोमन व्यापाऱ्यांचा माल सोपाऱ्याला उतरत होता, त्या काळात घाटावरचा जकातदार आणि जहाजावरचा व्यापारी, दोघेही शून्याच्या चिन्हाशिवाय हिशोब लिहीत होते.

पुढे भारतात स्थानिक किमतीची पद्धत आली आणि इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्यासोबत बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनं या अंकांवर पुस्तक लिहिलं. १२०२ मध्ये फिबोनाचीनं ते युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावलं. तिथं लगेच स्वागत झालं असंही नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघटनेनं हिशोबाच्या वह्यांत नवे अंक वापरायला बंदी घातली. अक्षरांत लिहा, असा आग्रह. आजही युएईत घरभाड्याचा चेक लिहिताना रक्कम आकड्यांत आणि शब्दांत, दोन्ही लिहावी लागते. ती शंका अजून पुरती गेलेली नाही.

आपण ज्यांना अरबी अंक म्हणतो त्यांना अरबीत ‘हिंदी अंक’ म्हणतात. मुलाच्या चार रकान्यांच्या तक्त्यातले पहिले तीन रकाने एकाच कुटुंबातले आहेत. आकार बदलत गेले, युक्ती तीच राहिली. परका आहे तो चौथा.

मग शिकायचे कशाला?

बालभारतीच्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा रोमन संख्याचिन्हांचा आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात ते होते. २०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात ते अंकांच्या इतिहासाचा भाग म्हणून, मेसोपोटेमिया आणि माया पद्धतींच्या सोबतीनं येतात. रोजच्या वापरात ते इयत्तांत आहेत, घड्याळांत आहेत, राजांच्या आणि पोपच्या नावांत आहेत, पुढे रसायनशास्त्रात लोहाच्या संयुगांत भेटतील. वाचता येण्याइतपत ते यायलाच हवेत.

पण मुसफ्फ्यातल्या मुलासाठी त्यांचा मोठा उपयोग वेगळा आहे. ते मूल चार प्रकारे आकडे लिहितं, तीन-चार भाषांत मोजतं आणि बहुतेक वेळा त्याला वाटतं की आपलाच घोटाळा होतोय. रोमन अंक बाजूला ठेवून बघितले की त्याला कळतं, आकडा एक आणि तो लिहायच्या रीती अनेक. प्रत्येक रीत कुणीतरी कशासाठी तरी बनवली. मग एकोणसत्तर म्हणजे कोडं वाटत नाही. ते साठ-सत्तरमधलं एक घर असतं, पुढच्या दारानं मोजलेलं.

या शुक्रवारी नाही जमलं तर शनिवारी, अर्धा तास काढा. चार रकाने, मूठभर नाणी, दहा काड्या. शेवटी मुलाला घरातल्या सगळ्यांची जन्मसालं रोमनमध्ये लिहायला सांगा आणि मग तीच मराठीत मोठ्यानं वाचायला लावा. ज्याचं साल एकोणनव्वद असेल, त्यानं चहा करायचा.